रोपवनाची तब्येत उपग्रहातून कशी तपासतो

(लागवडीला निधी देणाऱ्या कंपन्या, संस्था आणि ग्रामपंचायतींसाठी)

गायरानावर किंवा पडीक टेकडीवर तुम्ही मोठी लागवड केली असेल, तर तिचे पुढे काय झाले हे दोन-चार फोटोंवरून कळत नाही. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट होते. त्यातली जगली किती, हे लोक आजही विचारतात, आणि विचारायलाच हवे.

उपग्रह काय पाहतो?

आम्ही मुख्यतः युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा वापरतो. त्या मोफत असतात आणि एकाच जागेच्या साधारण दर पाच दिवसांनी मिळतात. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या फरकावरून हिरवाईचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, काढतात. पण नुसत्या हिरवाईवर आम्ही थांबत नाही. ओलावा किती, जमीन उघडी किती आणि उन्हाळ्यात ती तापते किती, हेही पाहतो. तापमानासाठी अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह वापरतो.

रोपे मोजता येतात का?

सुरुवातीला नाही. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे १० बाय १० मीटर जमीन. ३ बाय ३ मीटरवर लागवड असेल, तर त्यात साधारण ११ रोपे बसतात आणि पहिली दोन-तीन वर्षे ती गवतात दिसेनाशी होतात. या काळात नमुना प्लॉट आखून जिवंत रोपे पायी फिरूनच मोजावी लागतात, आणि आम्ही ती तशीच मोजतो.

कोणत्या महिन्याचे चित्र?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. सप्टेंबरात गवत, तरोटा, घाणेरी असे सगळेच हिरवेगार असते; त्या चित्रावर रोपवन यशस्वी ठरवू नका. एप्रिलमध्ये उत्तम साग निष्पर्ण असतो, तेव्हा तो मेला असेही समजू नका. आमच्या मते डिसेंबर-जानेवारी सर्वांत बोलका: गवत वाळलेले, सागाची पाने अजून झाडावर. निलगिरीचे रोपवन भर उन्हाळ्यातही चांगला आकडा देते, पण ते मिश्र जंगल नव्हे. म्हणून प्रजाती जागेवर जाऊन नोंदवल्याशिवाय आम्ही शेरा देत नाही.

पावसाचाही हिशेब धरावा लागतो. २०१८ सारख्या दुष्काळी वर्षात सगळाच परिसर सुकतो. त्यामुळे शेजारची, तशाच मातीची, लागवड न केलेली जमीन निवडून तुलना करतो, तीही दरवर्षी त्याच पंधरवड्यात. लँडसॅटच्या जुन्या प्रतिमांमुळे लागवडीआधीची स्थितीही दाखवता येते. तिथे आधीच चांगले कुरण असेल, तर ते मोडून झाडे लावणे योग्य होते का, हेही अहवालात स्पष्ट लिहितो.

वणव्याच्या सूचनांसाठी आम्हाला पैसे देऊ नका. भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्या नोंदणी केलेल्यांना मोफत पाठवते. नोंदणीला आम्ही मदत करू.

काम सुरू करताना गट नंबर, हद्दीची केएमएल फाईल (नकाशावर आखलेल्या हद्दीची संगणकीय फाईल), लागवडीचे वर्ष, रोपांची यादी आणि चराईबंदी कधीपासून आहे, एवढे कळवा.