मुंबई टाइम नेमका संपला कधी?

१९३० साली मुंबईत जन्मलेल्या माणसाच्या टिपणात 'सकाळी ८' एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यावरून पत्रिका मांडता येत नाही. ते आठ महापालिकेच्या घड्याळातले, म्हणजे मुंबईच्या स्वतःच्या वेळेचे (मुंबई टाइम) असतील, तर देशभरच्या स्टँडर्ड टाइमने तेव्हा ८ वाजून ३९ मिनिटं झाली होती. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू, दर चार मिनिटांना सुमारे एक अंश पुढे सरकतं, म्हणजे एवढ्या फरकात जवळपास दहा अंश गेले. जन्म जुन्या मुंबईतला म्हटलं, की ज्योतिषी आधी विचारायचे, "वेळ कुठली? मुंबईची की स्टँडर्ड?" आज जुन्या तारखा संगणकात भरणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न येतो. कुठल्या ठिकाणी कधी कुठली वेळ चालली याच्या ज्या संगणकी नोंदींवर, म्हणजे वेळ-कोशावर, जगभरची यंत्रं चालतात, त्याला मात्र हा प्रश्न विचारायची सोयच नाही.

एकोणिसाव्या शतकाचा शेवट इथे थोडक्यात पुरे. ग्रिनिचला जगाचं शून्य रेखावृत्त ठरवणाऱ्या १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे धरली गेली. कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं २० सेकंद पुढे होती. रेल्वेने १८७० च्या सुमारास तिसरीच, मद्रासची वेळ घेतली होती : ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती आणि ही वेळ दोन मोठ्या शहरांच्या साधारण मध्ये पडत होती, त्यामुळे गाड्यांसाठी ती सोयीची. मुंबईकराला गाडी पकडायची तर शहराच्या घड्याळात अर्धा तास मिळवायचा, एवढंच ते गणित होतं आणि लोकांच्या ते अंगवळणी पडलं होतं.

१८८१ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरने सरकारी कामकाजासाठीही मद्रास वेळ लावली. शहर इतकं बिथरलं की दोन वर्षांत, १८८३ मध्ये, तो हुकूम मागे घ्यावा लागला. पुढच्या भांडणाच्या मानाने हा प्रसंग लहान, पण त्यातून एक गोष्ट शहराला कळली : घड्याळाच्या बाबतीत सरकारला नमवता येतं.

१ जानेवारी १९०६ ला साडेपाच तासांची भारतीय स्टँडर्ड वेळ आली. तिचं रेखावृत्त ८२.५ अंश पूर्वेचं, मिर्झापूरजवळून जाणारं. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे इथलं घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे ढकललं गेलं. आजही मुंबईत खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी होते. फेब्रुवारीच्या मध्याला ती १२:५३ पर्यंत लांबते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ ला येते.

या ३९ मिनिटांचा अर्थ गिरणगावात काय होत होता, ते बघायला हवं. जानेवारीत मुंबईला सूर्य मुंबईच्या वेळेने साधारण ६:३५ ला उगवतो, स्टँडर्डने ७:१४ ला. भोंगा सहाला होत असेल, तर जुन्या घड्याळाने कामगार सूर्योदयाआधी ३५ मिनिटं साच्यापुढे उभा राहणार. नव्या घड्याळाने सव्वा तास आधी, मिट्ट काळोखात. विजेचे दिवे आल्यापासून गिरण्या अंधार पडल्यावरही चालवल्या जात होत्या आणि वाढलेल्या तासांवरून १९०५ मध्येच असंतोष पेटला होता. त्यावर हा घड्याळाचा बदल आला. जानेवारी १९०६ च्या पहिल्याच आठवड्यात गिरणी कामगारांनी काम टाकलं आणि गिरण्यांवर दगडफेक झाली. याला घड्याळाबद्दलचं अडाणीपण म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. घड्याळ हलवून आपली झोप कोण काढून घेतंय, हे त्या माणसांना अगदी बरोबर कळलं होतं.

शिकलेल्या आणि व्यापारी मुंबईची कारणं वेगळी होती. बंगालच्या फाळणीला तीन महिनेही झाले नव्हते, स्वदेशीची चळवळ जोरात होती, आणि न विचारता वरून लादलेली कुठलीही गोष्ट गिळायची कुणाची तयारी नव्हती. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, तारखातं स्टँडर्डवर गेलं. महापालिकेने मात्र १९०६ मध्येच आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवर ठेवायचं ठरवलं, आणि तो निर्णय नंतर चार दशकांहून जास्त टिकला.

या निर्णयावर थोडं रेंगाळायला हवं, कारण पुढचा सगळा गुंता त्यातून निघतो. महापालिकेने स्टँडर्ड टाइम रद्द केला नव्हता. तिला तसा अधिकारच नव्हता. सरकारनेही मुंबई टाइमवर बंदी घातली नव्हती. दोन्ही वेळा एकाच शहरात, एकाच रस्त्यावर, अधिकृतपणे नांदत राहिल्या. स्टेशनाच्या घड्याळात बारा आणि महापालिकेच्या घड्याळात ११:२१, आणि यात चुकीचं घड्याळ कुठलंच नाही. वेळ ठरत होती ती भूगोलाने नव्हे, तर तुम्ही कुणाच्या दारात उभे आहात यावरून. त्या काळातला नुसता 'मुंबई, सकाळी ८' हा शब्दप्रयोग म्हणूनच अपुरा आहे. तो कुणी लिहिला, कुठल्या घड्याळाकडे बघून लिहिला, हे कळल्याशिवाय त्याचा क्षण ठरत नाही. सरकारी दवाखान्यातली नोंद असेल तर एक उत्तर, घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची असेल तर दुसरं, आणि ते घड्याळ स्टेशनावर लावून घेतलेलं असेल तर पुन्हा पहिलंच.

हे संपलं कधी? संदर्भग्रंथांत आणि इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी १९५५ हे साल मिळतं. महापालिकेने मात्र आपला हट्ट १९५० मध्येच सोडला. माझं मत १९५० च्या बाजूने आहे, कारण त्या सालामागे एका ठरावीक संस्थेचा निर्णय उभा आहे. १९५५ सगळीकडे नुसतं साल म्हणून येतं. पण १९५० धरलं तरी त्या दिवशी शहरातली सगळी घड्याळं हलली असं नाही. काही पारशी अग्यारींत मुंबईची वेळ त्यानंतरही कित्येक वर्षं पाळली गेली. ज्या वेळेची सुरुवात एका फर्मानाने झाली नाही, तिचा शेवट एका तारखेत बसवायचा आग्रहच चुकीचा आहे. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. तिथला शेवट तुलनेने सरळ.

मधे महायुद्धाचा वाढीव तास येतो. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभर स्टँडर्ड घड्याळ एक तास पुढे होतं, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. ज्योतिषांना हा तास पाठ असतो. या काळातल्या जन्मवेळेतून ते सरळ ६० मिनिटं वजा करतात. त्याआधीचा भाग मात्र पुष्कळांना माहीत नसतो. १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ या काळात बंगालने एकट्याने साडेसहा तासांची वेळ लावली होती. ती बंगालपुरती होती, मुंबईला तिचा काही संबंध नव्हता.

आता वेळ-कोशाकडे. जवळजवळ प्रत्येक फोन, सर्व्हर आणि बँकेची यंत्रणा ज्याच्यावर चालते तो हा कोश १९८० च्या दशकात अमेरिकेत काही स्वयंसेवकांनी सुरू केला. त्याचा मूळ नियम असा, की १९७० नंतर जिथली घड्याळं वेगळी चालली, तिथेच वेगळी नोंद करायची, आणि नोंदीला त्या प्रदेशातल्या सगळ्यात मोठ्या लोकवस्तीच्या शहराचं नाव द्यायचं. १९७० नंतर भारतभर एकच वेळ. म्हणून सबंध देशाला एकच नोंद मिळाली, 'एशिया/कोलकाता'. मुंबईला नोंदच नाही, आणि ४ तास ५१ मिनिटं हा आकडा यंत्र कधी वापरतच नाही.

एक तारीख जवळून बघू. १ जानेवारी १९००, मध्यरात्र. जन्मतारीख माहीत नसली की बऱ्याच कचेऱ्यांत हीच तारीख भरून मोकळे होतात. भारतीय वेळ लावलेलं यंत्र ती जागतिक वेळेत बदलताना ३१ डिसेंबर १८९९, १८ वाजून ३८ मिनिटं ५० सेकंद अशी साठवतं. त्या विचित्र ५० सेकंदांनी अनेक प्रोग्रामर रात्रभर जागवले आहेत. ते येतात मद्रास वेळेतून, कारण कोशाच्या या नोंदीत १८७० ते १९०५ च्या अखेरपर्यंत मद्रास वेळ धरलेली आहे. नाव कोलकात्याचं, वेळ मद्रासची. खुद्द कलकत्ता शहर तेव्हा स्वतःच्याच वेळेवर चालत होतं, म्हणजे ही नोंद त्या शहरालाही धड लागू पडत नाही. मुंबईचा विचार केला तर तो क्षण १९ वाजून ९ मिनिटांनी यायला हवा. अर्धा तास इथेच चुकला.

फेब्रुवारी १९४२ मधला मुंबईचा जन्म घेतला तर चूक आणखी मोठी. बंगालचा तो वेगळा तास कोशात याच एका नोंदीत आहे, त्यामुळे तो सगळ्या भारताला लागतो. स्टँडर्ड टाइमने सकाळी दहाला जन्मलेलं मूल यंत्राच्या हिशेबात तासभर आधी जन्मतं. कोशकर्ते १९७० आधीच्या माहितीची हमी देत नाहीत, आणि स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या कामाकडे तेवढी मर्यादा मान्य करूनच बघायला हवं. पण त्या यंत्रावर विसंबून कुंडली, वंशावळ किंवा जुना दस्त लावणाऱ्याला ही अट कुणी सांगत नाही, आणि आपल्याकडे सगळा घोळ १९७० च्या आधीचाच आहे.

या कोशाचा आणि ज्योतिषाचा संबंध न्यायालयातही पोहोचला होता. ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २०११ च्या अखेरीस कोशकर्त्यांवर दावा लावला : आमच्या नकाशाग्रंथातल्या ऐतिहासिक वेळा तुम्ही उचलल्या. काही दिवस कोश बंद पडला, मग इंटरनेटचे क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेने तो ऑक्टोबरमध्ये स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दावा मागे घेतला. अमुक शहरात अमुक दिवशी घड्याळ किती पुढे होतं ही घडलेली गोष्ट आहे, आणि तिच्यावर कुणाची मालकी असू शकत नाही, ही भूमिका त्यातून टिकली. मुंबईच्या नोंदी गोळा करणाऱ्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

इकडे देशात एक वेळ की दोन, ही चर्चा अजून चालू आहे. आसामच्या चहाच्या मळ्यांत तासभर पुढची 'बागान वेळ' अजून पाळली जाते. ईशान्येला वेगळी वेळ द्यावी ही याचिका २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने फेटाळली. २०१८ मध्ये देशाची वेळ सांभाळणाऱ्या प्रयोगशाळेतल्याच शास्त्रज्ञांनी दोन वेळांचा प्रस्ताव मांडला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने नियमांचा मसुदा काढला, त्यात कायदेशीर, प्रशासकीय आणि व्यापारी कामांसाठी फक्त भारतीय स्टँडर्ड वेळच वापरायची असं म्हटलं आहे. १९०६ मध्ये मुंबई महापालिकेने जे केलं, ते अशा नियमाखाली शक्य झालं नसतं.

जुन्या मुंबईच्या नोंदी भरणाऱ्यांनी 'एशिया/कोलकाता' निवडूच नये. १ सप्टेंबर १९४२ आधीची वेळ असेल तर फरक हाताने टाकावा, मुंबई टाइमला ४ तास ५१ मिनिटं आणि १९०६ पासूनच्या स्टँडर्डला साडेपाच तास, आणि शेजारच्या रकान्यात लिहावं की ती वेळ कुणाच्या घड्याळातली आहे : दवाखान्याच्या, महापालिकेच्या, स्टेशनाच्या की घरच्या.