विमानतळावरील लाउंज

लाउंज म्हणजे विमानतळाच्या इमारतीत, बहुधा सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, ठरावीक प्रवाशांसाठी राखून ठेवलेली बसण्याची व खाण्यापिण्याची जागा. बरी खुर्ची, गरम जेवण, चहा-कॉफी, वायफाय, मोबाइल चार्ज करण्याची सोय, एवढे तरी बहुतेक लाउंजमध्ये मिळते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या बाजूला अनेक ठिकाणी अंघोळीची आणि घटकाभर आडवे होण्याचीही सोय असते. भारतात ही जागा आता केवळ बिझनेस क्लासवाल्यांची राहिलेली नाही. पगारखात्यासोबत मिळालेल्या डेबिट कार्डावरही तिथे जाता येते. आत बसलेल्या माणसाचा खर्च नेमका कोण भरतो, हे कळले की लाउंजच्या दारातल्या रांगेचाही उलगडा होतो.

पहिले लाउंज अमेरिकन एअरलाइन्सने १९३९मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर सुरू केले. त्याचे नाव अॅडमिरल्स क्लब. कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांच्या कारकिर्दीतली ही कल्पना. सुरुवातीला तिथे फक्त निमंत्रितांना प्रवेश होता, म्हणजे कंपनी ज्यांना मानाचे प्रवासी समजे त्यांनाच. पैसे भरून सभासद होण्याची सोय पुढे झाली. विमानकंपन्यांच्या महासंघांनी (स्टार अलायन्स १९९७, वनवर्ल्ड १९९९, स्कायटीम २०००) एका कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशाला दुसऱ्या कंपनीचे लाउंज खुले केले. एअर इंडिया जुलै २०१४मध्ये स्टार अलायन्समध्ये आली, तेव्हापासून तिच्या, वारंवार प्रवासामुळे गोल्ड दर्जा मिळालेल्या प्रवाशांना परदेशातल्या अनेक विमानतळांवर हा लाभ मिळतो. चैनीचे टोक पाहायचे तर फ्रँकफर्टला जावे. लुफ्थान्साने २००४मध्ये तिथे पहिल्या वर्गासाठी वेगळे टर्मिनलच बांधले आणि प्रवाशाला मोटारीने थेट विमानापाशी नेऊन सोडण्याची पद्धत ठेवली.

सर्वसामान्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल मात्र विमानकंपन्यांनी नव्हे, मध्यस्थांनी, म्हणजे लाउंजशी प्रवासी वा बँका यांना जोडून देणाऱ्या कंपन्यांनी घडवला. १९९२मध्ये सुरू झालेल्या प्रायॉरिटी पासने कोणत्याही कंपनीचे, कोणत्याही वर्गाचे तिकीट असले तरी चालेल अशी सभासदत्वाची व्यवस्था आणली. बँकांनी हीच सभासदत्वे क्रेडिट कार्डांना जोडली. भारतात रुपे, व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड नेटवर्कांच्या (कार्डाचे व्यवहार पार पाडणाऱ्या जाळ्यांच्या) वरच्या श्रेणीच्या कार्डांवर लाउंज हे ठरलेले आकर्षण झाले. तिमाहीत एक किंवा दोन भेटी, असा साधारण हिशेब. ज्यांनी आयुष्यात कधी बिझनेस क्लासचे तिकीट काढले नव्हते, अशी माणसे पहिल्यांदा लाउंजमध्ये गेली ती यामुळे, आणि यात रुपे डेबिट कार्डाचा वाटा मोठा आहे. ही चांगलीच गोष्ट झाली.

दारात काय घडते ते पाहू. स्वागतकक्षातला कर्मचारी बोर्डिंग पास स्कॅन करतो, कार्ड मागून घेतो आणि यंत्रावर फिरवतो. कार्ड चालू आहे, पात्र आहे आणि या तिमाहीतली भेट शिल्लक आहे, हे तपासण्यासाठी दोन रुपयांसारखी नाममात्र रक्कम कापली जाते. ती परत मिळत नाही. मोबाइलवर बँकेचा संदेश येतो, हातात पावती पडते, तिच्यावर सही होते. कार्डावरचे नाव बोर्डिंग पासवरच्या नावाशी जुळावे लागते, म्हणून मुलाचे कार्ड घेऊन गेलेल्या आईवडिलांना बहुधा परत फिरावे लागते. अलीकडे बऱ्याच बँका कार्डाऐवजी अॅपमधून क्यूआर कोड काढायला लावतात. तो कोड घरून निघतानाच काढून ठेवावा.

त्या दोन रुपयांत जेवण होत नाही, हे उघड आहे. प्रत्येक भेटीमागे लाउंज चालवणारी कंपनी मध्यस्थाला बिल लावते, मध्यस्थ ते कार्ड नेटवर्ककडे किंवा बँकेकडे पाठवतो, आणि काही शे रुपयांपासून हजारावर जाणारी ती रक्कम बँक भरते. बँकेने धरलेला हिशेब असा, की हे कार्ड घेणारा माणूस ते वर्षभर खरेदीसाठी वापरेल आणि त्या उलाढालीतून खर्च वसूल होईल. पण अनेकांनी कार्ड खरेदीसाठी वापरलेच नाही, फक्त लाउंजपुरते जवळ ठेवले. म्हणून २०२३-२४पासून बँकांनी अट घातली: आधीच्या तिमाहीत कार्डावर ठरावीक खर्च झाला असेल तरच पुढच्या तिमाहीत प्रवेश. काही कार्डांवर ही मर्यादा ३५ हजार रुपये ठेवली गेली, काहींवर लाखभर. ‘मोफत लाउंज’ या जाहिरातीतला ‘मोफत’ हा शब्द तेव्हापासून तरी वापरायला नको होता, असे प्रस्तुत नोंदलेखकाला वाटते.

मध्यस्थांवरची ही भिस्त किती नाजूक आहे ते २२ सप्टेंबर २०२४ला दिसले. भारतीय बाजारातली सर्वांत मोठी मध्यस्थ कंपनी ड्रीमफोक्स हिच्यामार्फत येणाऱ्या प्रवाशांना त्या दिवशी देशातल्या काही लाउंजमध्ये प्रवेश मिळेना. कार्ड चालू, भेट शिल्लक, आत खुर्च्या रिकाम्या, आणि तरीही प्रवासी बाहेर. पुढल्या वर्षी या कंपनीने देशांतर्गत लाउंज सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले. तोवर लाउंज चालवणाऱ्यांनी आणि विमानतळचालकांनी बँकांशी थेट करार करायला सुरुवात केली होती.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचे टर्मिनल २ हे २०१४मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथले मोठे लाउंज जीव्हीके या विमानतळचालक कंपनीच्या नावाने ओळखले जाई. २०२१मध्ये विमानतळ अदानी समूहाकडे गेला आणि लाउंजचे नावही बदलले. पुण्याला लोहगावच्या नव्या टर्मिनलमधून जुलै २०२४पासून वाहतूक होते. गोव्यात दाबोळी आणि जानेवारी २०२३पासून सुरू झालेला मोपा असे दोन विमानतळ आहेत. तिकिटावर कोणता आहे ते न पाहता लाउंजची वेळ धरली तर फजिती होते, कारण एक दक्षिण गोव्यात आहे तर दुसरा उत्तर टोकाला पेडणे तालुक्यात.

लाउंजची ओढ समजायची असेल तर बाहेरचे भाव पाहावेत. विमानतळावरच्या दुकानांत साधा चहासुद्धा शंभर-दोनशेच्या घरात जातो. त्यावरून संसदेतही आवाज उठला, आणि डिसेंबर २०२४मध्ये कोलकाता विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारे उडान यात्री कॅफे सरकारने सुरू केले. अशी उपाहारगृहे सगळीकडे झाली तर लाउंजबाहेरची रांग कमी होऊ शकेल, कारण त्या रांगेतल्या पुष्कळ जणांना आरामखुर्ची नको असते, पहाटेच्या विमानाआधी परवडणारा नाश्ता हवा असतो. पहाटे पाच ते आठ ही गर्दीची वेळ. तेव्हा इडली-उपम्याच्या भांड्यांपाशी ताट घेऊन थांबावे लागते आणि भिंतीलगतच्या, प्लगजवळच्या खुर्च्या आधी भरलेल्या असतात. गर्दी आवरण्यासाठी जगभरातली बरीच लाउंज विमान सुटण्याच्या तीन तास आधीपासूनच प्रवेश देतात. भारतात मुक्काम दोन-तीन तासांपुरता धरतात.

सवलतीच्या गैरवापराच्या बातम्याही वेळोवेळी आल्या आहेत. चीनमधल्या शीआन विमानतळावर एका माणसाने पहिल्या वर्गाचे एकच तिकीट वर्षभरात तीनशेच्या आसपास वेळा पुढे ढकलून लाउंजमध्ये फुकट जेवण घेतल्याचे वृत्त २०१४मध्ये आले होते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर २०१६मध्ये एक जण खोटे बोर्डिंग पास बनवून अठरा दिवस लाउंजमध्ये राहिला आणि पुढे तुरुंगात गेला.

लाउंजचा खरा उपयोग ज्यांना होतो ते लोक वेगळेच आहेत. मुंबईहून अमेरिकेला किंवा युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. नाशिक, सातारा, सोलापूर अशा ठिकाणांहून मुलांकडे निघालेले आईवडील वाहतुकीच्या धास्तीने दुपारीच घर सोडतात आणि चार-पाच तास आधी विमानतळावर पोहोचतात. पुढे दोहा, दुबई किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचे असते. मधुमेहाची गोळी वेळेवर अन्नाबरोबर घ्यायची, सुजलेले पाय वर करून बसायचे, तान्ह्या मुलाचे कपडे बदलायचे, यांसाठी ती शांत, स्वच्छ जागा मोलाची ठरते. कार्ड नसले तरी पैसे भरून जाता येते. देशांतर्गत लाउंजला साधारण हजार ते दोन हजार रुपये पडतात. लांब थांब्यासाठी हा खर्च योग्य आहे, तासाभराच्या थांब्यासाठी नाही. व्हीलचेअर घेतलेल्या प्रवाशांनी मदतनिसाला लाउंजचे नाव आणि परत न्यायला यायची वेळ दोन्ही सांगून ठेवावे.

एक धोका मात्र अनुभवी प्रवाशांनाही भोवतो. मुंबईसह अनेक मोठ्या विमानतळांवर प्रत्येक उड्डाणाची घोषणा ध्वनिक्षेपकावरून होत नाही, आणि लाउंजमध्ये तर मुळीच गृहीत धरू नये. गेट ऐनवेळी बदलते ते फक्त पडद्यावर आणि मोबाइलवर कळते. भारतातल्या विमानकंपन्या विमान सुटण्याच्या साधारण २० ते २५ मिनिटे आधी गेट बंद करतात. मुंबईच्या टर्मिनल २च्या लांबलचक बाहूंच्या टोकाला असलेल्या गेटपर्यंत चालत जायला दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात. तेव्हा बोर्डिंग पासवर सुटण्याची वेळ न पाहता बोर्डिंगची वेळ पाहावी आणि त्याआधी वीस मिनिटे लाउंजमधून उठावे.