चीनमधील परदेशी मोटार कंपन्या

चीनच्या मोटार बाजारात परदेशी कंपन्या १९८० च्या दशकापासून मुख्यतः सरकारी चिनी कंपन्यांशी भागीदारी करून वावरल्या. अशा भागीदारीला चिनी भाषेत ‘हझी’ म्हणजे ‘एकत्र भांडवल’ असा शब्द आहे. ग्राहकाच्या बोलण्यात गाड्यांचे तीन वर्ग असतात : आयात केलेली, हझी म्हणजे परदेशी नावाची पण चीनमध्ये बनलेली, आणि ‘झिझू’ म्हणजे देशी कंपनीच्या स्वतःच्या नावाची. सुमारे तीस वर्षे ही प्रतिष्ठेचीही उतरंड होती. २०२० नंतर ती बरीचशी उलटली आहे.

पूर्वपीठिका : चीनमध्ये पहिली मोटार कोणती आली याबद्दल एकमत नाही. लाइंझ नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९०१ मध्ये शांघायला दोन ओल्ड्समोबिल आणल्या, असे बहुतेक चिनी लेखक धरतात. सेनानी युआन शिकाईने सम्राज्ञी त्सिशी हिला भेट दिलेल्या आणि आज बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यात ठेवलेल्या गाडीला काही जण हा मान देतात. ती गाडी जर्मन बेंझ असल्याचे पूर्वी लिहिले जाई. आता ती अमेरिकन दुर्येआ मानतात. शांघायच्या मोटारींना १९०२ च्या आरंभी परवाना मिळाल्याचे सांगितले जाते, त्यामुळे त्यांचा दावा अधिक सबळ वाटतो. चालक आपल्यापुढे बसतो म्हणून सम्राज्ञीने त्याला गुडघे टेकून गाडी हाकायला लावली, ही गोष्ट मात्र दंतकथाच समजावी.

१९४९ नंतर खाजगी मोटार जवळजवळ नाहीशी झाली. ‘होंगछी’ (लाल निशाण) आणि ‘शांघाय’ या देशी गाड्या अधिकारी व पाहुण्यांसाठी अल्प संख्येने बनत.

संयुक्त उपक्रमाचा उगम : ही कल्पना चिनी बाजूने निघाली की परदेशी, हा वादाचा मुद्दा आहे. पुढे उपपंतप्रधान झालेले ली लानछिंग यांच्या आठवणींनुसार, ऑक्टोबर १९७८ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष थॉमस मर्फी अवजड ट्रकच्या तंत्रज्ञानाविषयी बोलणी करण्यास बीजिंगला आले होते. तुम्ही नुसती तंत्रज्ञानाची आयात काय बोलता, संयुक्त उपक्रम का नाही, असे त्यांनी विचारले आणि समजावताना लग्नाचा दाखला दिला : दोघांनी मिळून एक घर थाटायचे. बोलणीचा अहवाल वर गेला आणि संयुक्त उपक्रम काढता येईल, असा शेरा सर्वोच्च नेते डेंग झियाओपिंग यांनी मारला. गंमत अशी की ज्यांनी लग्नाची गोष्ट काढली त्या जनरल मोटर्सनेच पुढे माघार घेतली. तिचा मोठा उपक्रम चीनमध्ये आला तो १९९७ मध्ये, शांघायला.

दुसरी परंपरा फोक्सवॅगनची. १९७८ च्या अखेरीस यंत्रोद्योगमंत्री झोऊ झिजियान जर्मनीला गेले ते मर्सिडीजशी बोलायला. रस्त्यावर मात्र त्यांना फोक्सवॅगनच जास्त दिसल्या, तेव्हा ते पूर्वसूचनेशिवाय वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले, असे सांगितले जाते. तपशिलाला थोडे मीठमसाला लागले असावे, पण भेट झाली हे मान्य आहे. दोन्ही हकिकतींत कालक्रम एकमेकांत गुंतलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने पाहता जुलै १९७९ चा चिनी-परदेशी संयुक्त भांडवली उपक्रम कायदा हा आरंभबिंदू धरणे सोयीचे.

प्रत्यक्षातील पहिला मोटार उपक्रम म्हणजे बीजिंग जीप. अमेरिकन मोटर्सशी त्याचा करार मे १९८३ मध्ये झाला. परदेशी भाग ३१.३५ टक्के होता. सुटे भाग डॉलर मोजून आणायचे आणि गाडी विकायची युआनमध्ये, त्यामुळे उपक्रमाला लवकरच परकीय चलनाची टंचाई जाणवली. १९८६ मध्ये वरिष्ठ पातळीवर हस्तक्षेप झाल्यावरच तोड निघाली. फोक्सवॅगनचा शांघायचा करार १० ऑक्टोबर १९८४ रोजी झाला. त्यात फोक्सवॅगनकडे ५० टक्के, शांघायच्या ट्रॅक्टर-मोटार महामंडळाकडे २५, बँक ऑफ चायनाकडे १५ आणि केंद्रीय मोटार महामंडळाकडे १० टक्के अशी वाटणी होती. मुदत २५ वर्षांची. ही निम्मेनिम वाटणीच पुढे १९९४ च्या उद्योग धोरणात नियम बनली : परदेशी भाग ५० टक्क्यांवर नाही आणि एका प्रकारच्या गाडीसाठी एका परदेशी कंपनीला जास्तीत जास्त दोन भागीदार. फोक्सवॅगन, टोयोटा, होंडा यांचे दोन-दोन चिनी संसार दिसतात ते यामुळे.

सँटाना आणि देशीकरण : शांघायमध्ये १९८३ मध्येच सुट्या भागांची जोडणी करून फोक्सवॅगनची सँटाना ही गाडी बनवून पाहिली गेली होती. १९८७ मध्ये या गाडीतील देशी भागांचे प्रमाण २.७ टक्के होते. म्हणजे टायर, रेडिओ, एरियल, भोंगा असा किरकोळ ऐवज. बाकी सारी गाडी पेट्यांतून जर्मनीहून येई. हे प्रमाण वाढवण्यासाठी शांघायने स्वतंत्र कार्यालय उघडले, प्रत्येक सँटानाच्या किमतीवर अधिभार लावून निधी उभारला आणि त्यातून सुट्या भागांच्या कारखान्यांना कर्जे दिली. दर्जा जर्मन मापानेच मोजायचा, हा झू रोंगजी यांचा आग्रह होता. ते १९८८ मध्ये शांघायचे महापौर झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेले. तोवर शांघायची टॅक्सी म्हणजे सँटाना असे समीकरण झाले होते.

याच काळात ‘बाजारपेठ देऊन तंत्रज्ञान घ्या’ हे सूत्र रूढ झाले. ते साधले का, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. एका मते सरकारी भागीदार नफ्याच्या वाट्यावर सुस्तावले आणि स्वतःची गाडी घडवायला शिकलेच नाहीत. एका माजी यंत्रोद्योगमंत्र्यांनी २०१२ मध्ये संयुक्त उपक्रमांना अफूची उपमा दिली होती. दुसऱ्या मते विद्या आली, पण पुढच्या दाराने नव्हे. ती पुरवठादारांकडे आणि नोकरी सोडून गेलेल्या अभियंत्यांकडे गेली. दुसरे मत अधिक पटते. वूहू येथील चेरी कंपनी उभी करणारे यिन तोंगयाओ चांगचुनच्या फोक्सवॅगन प्रकल्पातून आलेले होते, आणि चेरीच्या पहिल्या गाडीत फोक्सवॅगनच्या पुरवठादारांचे भाग सापडल्यावरून तंटा झाला. चेरीची ‘क्यूक्यू’ तर देवू मॅटिझशी इतकी मिळतीजुळती होती की प्रकरण न्यायालयात गेले. २००५ मध्ये ते आपसात मिटले. भारतात मॅटिझ चालवलेल्या वाचकाला क्यूक्यूचा तोंडवळा अनोळखी वाटणार नाही.

भरभराटीचा काळ : जागतिक व्यापार संघटनेत डिसेंबर २००१ मध्ये प्रवेश केल्यावर आयातकर टप्प्याटप्प्याने उतरून जुलै २००६ पर्यंत २५ टक्क्यांवर आला. २००९ मध्ये सुमारे १ कोटी ३६ लाख वाहने खपून चीन जगातील सर्वांत मोठा बाजार झाला. परदेशी नावांना येथे खास वजन होते. बीएमडब्ल्यूचे चिनी नाव ‘बाओमा’ म्हणजे मौल्यवान घोडा. मर्सिडीजचे ‘बेन्छी’ म्हणजे भरधाव धावणे. गाडी चिनी सवयीप्रमाणे लांबही करावी लागे. मालक मागे बसतो, चालक पुढे. म्हणून ऑडी ए६ च्या मागच्या दारात आणि पायाशी वाढीव जागा देऊन तिच्या नावापुढे ‘एल’ हे अक्षर लावले गेले. ही पद्धत पुढे बहुतेक जर्मन कंपन्यांनी उचलली.

उतार : एकूण विक्री २०१७ मध्ये २ कोटी ८८ लाखांवर पोचली आणि पुढच्या वर्षी, बऱ्याच काळानंतर प्रथमच, घटली. चिनी मोटार उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार प्रवासी गाड्यांत देशी नावांचा वाटा २०२० मध्ये ३८.४ टक्के होता, तो २०२४ मध्ये ६५.२ टक्के झाला. हे आकडे वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संघटना विक्रीत निर्यातही मोजते, आणि निर्यातीत देशी कंपन्यांचे प्राबल्य आहे. तेव्हा घरच्या बाजारातील वाटा काहीसा कमी समजावा. शिवाय वूलिंगसारखे नाव देशी गणले जाते, पण त्या उपक्रमात जनरल मोटर्सचा ४४ टक्के भाग आहे आणि ती कंपनी या गाड्या आपल्या खात्यावर मांडते.

उताराचे मुख्य कारण विजेवरची गाडी. ‘नव्या ऊर्जेच्या’ वाहनांना (म्हणजे मुख्यतः विजेवरच्या आणि बाहेरून चार्ज होणाऱ्या संकरित गाड्यांना) सप्टेंबर २०१४ पासून १० टक्के खरेदीकर माफ झाला. मोठ्या शहरांत नंबर प्लेटच दुर्मिळ असते : बीजिंगमध्ये सोडत, शांघायमध्ये लिलाव. शांघायच्या लिलावात पेट्रोल गाडीची प्लेट अनेकदा ९० हजार युआनच्या आसपास जाई, तर विजेच्या गाडीला हिरवी प्लेट फुकट मिळे. एवढ्या रकमेत वूलिंगच्या ‘होंगक्वांग मिनी’ या छोट्या विद्युत गाड्या तीन आल्या असत्या. २०२४ मध्ये नव्या ऊर्जेच्या वाहनांचा वाटा ४०.९ टक्के झाला. २०२२ मध्ये निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बंद करणाऱ्या बीवायडी या चिनी कंपनीने २०२३ मध्ये फोक्सवॅगनला मागे टाकून सर्वाधिक खपाचे नाव होण्याचा मान घेतला.

परदेशी भागावरची ५० टक्क्यांची मर्यादा विद्युत वाहनांसाठी २०१८ मध्ये आणि सर्व प्रवासी गाड्यांसाठी २०२२ मध्ये उठली. पहिला मोठा लाभ टेस्लाला झाला. तिचा शांघायचा कारखाना भागीदाराविना उभा आहे. बीएमडब्ल्यूने आपला भाग ७५ टक्क्यांवर नेला. बाकीच्यांना ही सवलत फार उशिरा मिळाली. सुझुकी २०१८ मध्ये बाहेर पडली, रेनोने २०२० मध्ये दोंगफंगशी प्रवासी गाड्यांची भागीदारी सोडली, जीप बनवणाऱ्या उपक्रमाने २०२२ मध्ये दिवाळखोरी पत्करली, मित्सुबिशीने २०२३ मध्ये उत्पादन थांबवले. फोक्सवॅगन समूहाची चीनमधील विक्री २०१९ मध्ये सुमारे ४२ लाख होती. २०२४ मध्ये ती २९ लाखांवर आली. ह्युंदाईच्या घसरणीमागे २०१७ मधील चीन-कोरिया क्षेपणास्त्र-संरक्षण वादही होता, हे वेगळे नोंदवायला हवे.

तंत्रज्ञानाचा ओघही फिरला आहे. फोक्सवॅगनने २०२३ मध्ये श्याओपंग (एक्सपेंग) या चिनी कंपनीचा सुमारे ५ टक्के भाग ७० कोटी डॉलरना घेतला तो तिचे गाडीचे सांगाडे व संगणकप्रणाली वापरण्यासाठी. त्याच वर्षी युरोपच्या स्टेलांटिस समूहाने लीपमोटर या चिनी कंपनीत १.५ अब्ज युरो गुंतवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑडीने केवळ चीनसाठी चार वर्तुळांचे चिन्ह नसलेली, नुसत्या अक्षरांची वेगळी मुद्रा काढली. शांघायचा मूळ फोक्सवॅगन करार त्याच महिन्यात २०४० पर्यंत वाढवण्यात आला.

भारताशी संबंध : हे संबंध तुटक आहेत. पुण्याच्या भारत फोर्जने २००५ च्या सुमारास चांगचुनच्या एफएडब्ल्यू समूहाबरोबर फोर्जिंगचा उपक्रम काढला होता. पुढे ती त्यातून बाहेर पडली. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार चीनच्या ग्रेट वॉलने २०२० मध्ये केला, पण सीमेवरील तणावानंतर भारत सरकारची मंजुरी मिळाली नाही आणि २०२२ मध्ये तो संपुष्टात आला. २०२३ मध्ये कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. टाटा मोटर्सच्या जग्वार लँड रोव्हरचा चेरीबरोबर चांगशू येथे निम्मेनिम उपक्रम आहे. २०२४ मध्ये ठरले ते असे, की तेथे यापुढे चेरीच्या सांगाड्यावर विद्युत गाड्या बनतील आणि त्यांना ‘फ्रीलँडर’ हे जुने ब्रिटिश नाव परवान्याने दिले जाईल.