जेलमध्ये अत्याचार झालेल्या स्थलांतरित आयांसाठी यू व्हिसा: कोण पात्र, कागद कुठले

कॅलिफोर्नियात बे एरियातल्या मराठी लोकांना तिथलं डब्लिन शहर म्हणजे चांगल्या शाळा आणि नवी घरं एवढंच माहीत असतं, पण तिथेच बायकांचं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, जेल होतं आणि तिथल्या स्टाफने कैदी बायकांवर लैंगिक अत्याचार केले, खुद्द माजी वॉर्डन (जेलप्रमुख) रे गार्सिया डिसेंबर २०२२ मध्ये दोषी ठरला, २०२४ मध्ये जेल बंद झालं आणि त्याच वर्षाअखेर १०३ जणींना मिळून साधारण ११.६ कोटी डॉलर द्यायचं सरकारने कबूल केलं. यातल्या कित्येक जणी लॅटिना, लेकरंबाळं असलेल्या, आणि नागरिकत्व नसेल तर शिक्षा संपल्यावर डिपोर्टेशन समोर उभं. अशा बाईसाठी यू व्हिसा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडून तपासाला मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तीला मिळणारा अमेरिकेचा व्हिसा, हा खरा मार्ग आहे आणि तो कुठल्याही देशाच्या व्यक्तीला चालतो, भारतीयांनाही.

पात्रता काय? गुन्हा अमेरिकेत घडलेला किंवा तिथला कायदा मोडणारा हवा, बलात्कार आणि लैंगिक हल्ला यादीत आहेतच. त्यातून शारीरिक किंवा मानसिक मोठा त्रास झालेला हवा, आणि तुम्ही तपासाला मदत केलेली, करत असलेली किंवा करायला तयार हवी. खूप जणी म्हणतात की मी तर हो म्हणाले होते, फोन करायला मिळावा म्हणून. तरी तो गुन्हाच आहे, फेडरल कायद्यात ताब्यातल्या कैद्याची संमती धरतच नाहीत.

आता मोठी भीती म्हणजे स्वतःवरची जुनी केस. त्याने दार आपोआप बंद होत नाही, आय-१९२ फॉर्म भरून त्या अडथळ्यातून सूट मागता येते, मात्र देणं न देणं अधिकाऱ्याच्या हातात आणि हिंसक गुन्हा असेल तर फारच अवघड, म्हणून कोर्टाचे सगळे कागद आणि सुटल्यावर केलेले कोर्स, नोकरी, मुलांची जबाबदारी याचे पुरावे जोडाच. आधीच डिपोर्ट झालेली आईसुद्धा बाहेरच्या देशातून अर्ज करू शकते.

मुख्य अर्ज आय-९१८, त्याला फी नाही. पण सगळं अडतं ते सप्लिमेंट बी वर. तपास करणाऱ्या संस्थेने सही करून द्यायचा हा दाखला, आणि सही झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज पोचला पाहिजे नाहीतर परत सही आणा. फेडरल जेलची केस असेल तर एफबीआय, न्याय खात्याचं इन्स्पेक्टर जनरल ऑफिस किंवा फेडरल सरकारी वकील सही करू शकतात, पण त्यांच्यावर सक्ती नाही. कॅलिफोर्नियातल्या राज्य आणि स्थानिक संस्थांना मात्र कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, डिपोर्टेशनची केस चालू असेल तर ७ दिवसांत.

सोबत स्वतःचं सहीचं निवेदन लागतं, काय झालं आणि त्याचा काय परिणाम झाला ते आपल्या शब्दांत, स्पॅनिशमध्ये लिहिलं तरी चालतं पण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र हवंच. पासपोर्ट, डॉक्टर किंवा समुपदेशकाचे रिपोर्ट, जेलमध्ये केलेल्या तक्रारींच्या कॉपीज असतील तेवढ्या.

मुलांसाठी प्रत्येकी वेगळं सप्लिमेंट ए (कुटुंबीयांसाठीचा जोडफॉर्म) आणि जन्मदाखला. मूल अविवाहित आणि तुमचा अर्ज जाताना २१ च्या आत असलं पाहिजे, नंतर वाट बघताना वय उलटलं तरी चालतं. म्हणून मुलगा वीस वर्षांचा असेल तर एकही आठवडा घालवू नका!

दरवर्षी मुख्य अर्जदारांना फक्त १०,००० व्हिसे, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची. मधल्या काळात अर्ज प्राथमिक तपासणीत खरा वाटला तर ४ वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं, आणि व्हिसा मिळून ३ वर्षं तिथे राहिलं की ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो.

हे फॉर्म वकील नसतानाही स्वतःला नोटारियो म्हणवणाऱ्या एजंटकडून अजिबात भरून घेऊ नका, इमिग्रेशन वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधीच गाठा. पत्रं घरी येणं धोक्याचं असेल तर अर्जात सुरक्षित पत्ता वेगळा द्यायची सोय आहे, वकिलाचा दिला तरी चालतो.