गादी सरकल्यावर ऑपरेशन की थांबणं: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मणक्यांमधली गादी सरकून नसेच्या मुळावर आली, की कमरेतून पोटरीपर्यंत कळ जाते; यालाच सायटिका म्हणतात. आज रुग्णच एमआरआयचा रिपोर्ट पुढे करून हे सांगतात, पण हा संबंध पक्का व्हायला १९३४ साल उजाडावं लागलं. बोस्टनच्या दोन शल्यचिकित्सकांनी त्या वर्षी दाखवून दिलं, की ऑपरेशनमध्ये निघणारा जो तुकडा कूर्चेची गाठ म्हणून नोंदला जात होता, तो बहुतेकदा फाटलेल्या गादीचाच असतो. कारण हाती लागलं आणि ते कापून काढता येत होतं, त्यामुळे पुढची काही दशकं काढण्याचाच सपाटा चालला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शक आला आणि चीर लहान झाली.

इंजेक्शनांची वाट याहून जुनी. १९०१ मध्ये पॅरिसमध्ये माकडहाडाकडून कोकेन टोचून पाहिलं गेलं. स्टेरॉइड आलं १९५० च्या दशकात. पुढे पपईच्या चिकातलं विकर (एन्झाइम) थेट गादीत सोडून ती विरघळवण्याचा प्रयोगही झाला. त्याला १९८२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, पण तीव्र ॲलर्जी आणि क्वचित मज्जारज्जूला इजा, अशा तक्रारी येऊ लागल्यावर ते मागे पडलं.

उपचार एकमेकांशी ताडून पाहायची सवय मात्र उशिराची. १९८३ मध्ये नॉर्वेतून १२६ रुग्णांचा अभ्यास आला. ऑपरेशन करावं की नाही अशा कुंपणावरच्या रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागलं होतं. वर्षाअखेर ऑपरेशनचा गट पुढे होता, चार वर्षांनी संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल इतका फरक उरला नव्हता, आणि दहा वर्षांनीही चित्र तसंच होतं.

खरा गुंता झाला २००६ मध्ये. अमेरिकेतल्या ११ राज्यांतल्या १३ केंद्रांत ५०१ रुग्णांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या. निम्म्यांना ऑपरेशन, बाकीच्यांना व्यायाम, समुपदेशन, वेदनाशामकं वगैरे. पण चिठ्ठीतलं सगळ्यांनी मानलं नाही. ऑपरेशनची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी दोन वर्षांत ६० टक्क्यांनीच ते करून घेतलं, आणि दुसऱ्या गटातल्या ४५ टक्क्यांनी वाट न पाहता टेबल गाठलं. तारखेपर्यंत कळ ओसरलेला माणूस पाठ कापून घ्यायला कशाला जाईल? आणि रात्र रात्र कुशीवर वळता न येणाऱ्याला व्यायामाच्या गटात धरून कोण ठेवणार?

आता मोजायचं कसं? चिठ्ठीप्रमाणे मोजलं तर दोन्ही गट चांगलेच सुधारले होते. ऑपरेशनकडे झुकणारा फरक किरकोळ होता. प्रत्यक्ष झालेल्या उपचाराप्रमाणे मोजलं तर ऑपरेशन कितीतरी पुढे. पहिल्या पद्धतीत चिठ्ठीचा निःपक्षपणा टिकतो, पण तुलना दोन सरमिसळ गटांची होते. दुसऱ्या पद्धतीत उपचार वेगळे राहतात, पण माणसं सारखी राहत नाहीत: ऑपरेशनकडे वळलेल्यांचं दुखणं आधीपासून जास्त होतं आणि आपण बिघडत चाललोय असं ते सांगत होते, तर ऑपरेशन टाळणारे तुलनेने वयस्क आणि बऱ्या उत्पन्नाचे होते. कोणता उपचार सरस किंवा दोन्ही सारखे, असा निष्कर्ष यातून काढू नये, असं संशोधकांनीच लिहून ठेवलं. तरी ज्याला जो तक्ता सोयीचा, तो त्याने उचलला. माझ्या मते पहिला तक्ता निदान काय कळलं नाही ते प्रामाणिकपणे सांगतो; दुसरा जरा जास्तच आत्मविश्वासाने बोलतो.

पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या अभ्यासाने प्रश्न शहाणपणाने बदलला: ऑपरेशन लगेच, की थांबून गरज पडल्यास? ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण घेतले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच. वर्षाअखेर दोन्हीकडे ९५ टक्के बरे. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा आराम मात्र बराच आधी सुरू झाला. लघवी अडणं, जांघेत बधिरपणा किंवा पायातली ताकद झपाट्याने जाणं, असे रुग्ण या तुलनेत कधीच नव्हते. तिथे थांबण्याचा पर्यायच नसतो.

दरम्यान बाकीच्या पर्यायांवरही पाणी पडत गेलं. सक्तीच्या अंथरुणाचा फायदा नाही हे १९९९ मध्येच दिसलं होतं. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन हे औषध २०१७ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र वाढली. मणक्याजवळच्या स्टेरॉइड इंजेक्शनांनी क्वचित पण गंभीर इजा होते, असा इशारा अमेरिकेत २०१४ मध्ये दिला गेला.

२०२० मध्ये कॅनडातून आलेला अभ्यास यात वेगळा पडतो, कारण त्यातल्या १२८ रुग्णांचं दुखणं ४ ते १२ महिने जुनं होतं, म्हणजे आपोआप बरं व्हायचा मोठा काळ सरला होता. सहा महिन्यांनी पायाच्या दुखण्याचे दहापैकी गुण ऑपरेशनच्या गटात सरासरी २.८, तर ऑपरेशनविना उपचार घेणाऱ्या गटात ५.२. गट बदलणं इथेही झालं: या दुसऱ्या गटातल्या ६४ पैकी २२ जणांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं, पण त्यातल्या किमान निम्म्यांनी ११ महिने किंवा त्याहून उशिरा, म्हणजे मुख्य मोजमाप उरकल्यानंतर. २००६ चा घोळ त्यामुळे इथे तेवढा नडला नाही.