अध्यापन (धर्मपरंपरांतील)

शिकवणे हे निव्वळ पोटापाण्याचे काम नाही. ती उपासना आहे, ईश्वराची सेवा आहे किंवा गुरूचे ऋण फेडण्याची रीत आहे, ही धारणा जगातील बहुतेक प्रमुख धर्मांत आढळते. धर्मागणिक देवाची कल्पना बदलते, मोक्षाची बदलते, काही धर्म तर ईश्वर मानीतही नाहीत. तरी शिकवणाऱ्याविषयी एक समजूत या सगळ्यांत मुरलेली आहे : विद्या शिक्षकाच्या मालकीची नसते. ती त्याच्याकडे कुणाकडून तरी आलेली असते आणि पुढे पोचवायची असते. शिक्षकाला मिळणारा मान, त्याच्यावर घातलेली बंधने आणि त्याने पैसे घ्यावेत की नाही यावरून शतकानुशतके झालेले वाद, या तिन्हींचे मूळ तिथे आहे.

धर्मांच्या शब्दसंग्रहातच ही गोष्ट दिसते. ‘रब्बी’ म्हणजे ‘माझे गुरू’. ‘शीख’ हा शब्द ‘शिष्य’ यावरून आला. ‘उपाध्याय’ म्हणजे ज्याच्याजवळ जाऊन शिकायचे तो. मराठीतले उपाध्ये आणि उत्तरेकडचे ओझा, झा ही आडनावे याच शब्दाची रूपे. जैनांच्या णमोकार मंत्रात पाच पदांना नमस्कार आहे. त्यांत तिसरे पद आचार्यांचे आणि चौथे ‘णमो उवज्झायाणं’ असे उपाध्यायांचे आहे. कोणत्याही एका व्यक्तीचे नाव न घेता, शिकवणाऱ्या सर्वांना मिळून केलेला हा रोजचा नमस्कार आहे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत गुरुशिष्यनात्यासाठी व्याकरणातला दृष्टान्त घेतला आहे. आचार्य हे संधीचे पूर्वरूप, शिष्य हे उत्तररूप, विद्या हा संधी आणि प्रवचन हे त्यांना सांधणारे. दोन अक्षरे जवळ येतात आणि दोघांतून तिसरेच काही उमटते, अध्यापनाचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. याच वल्लीत शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला केलेला उपदेश आहे. ‘आचार्यदेवो भव’ हे त्यातले वचन सर्वांच्या तोंडी असते. त्याच्या पाठोपाठ आचार्य स्वतःविषयी काय सांगतात ते मात्र फारसे कुणी उद्धृत करीत नाही : आमची जी चांगली आचरणे असतील तीच तू उचल, बाकीची नको. ज्याला देव मानायचे तोच स्वतःच्या उणिवा शिष्यापुढे उघड्या करतो. हे दुसरे वाक्य गाळून पहिलेच भिंतीवर रंगवले जाते, हे मला फार खटकते.

बौद्ध परंपरेत शिक्षकाची कर्तव्ये अधिक स्पष्टपणे मोजून दिली आहेत. दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात सिगाल नावाचा तरुण वडिलांची आज्ञा म्हणून सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करताना बुद्धांना भेटतो. बुद्ध त्याला सांगतात की पूर्व म्हणजे आईवडील आणि दक्षिण म्हणजे आचार्य. शिष्याने आचार्यांशी पाच प्रकारे वागावे आणि आचार्यांनीही शिष्याशी पाच प्रकारे : त्याला नीट वळण लावावे, शिकवलेले त्याला पक्के समजेल असे पाहावे, आपल्याला येणारी सगळी विद्या द्यावी, मित्रांमध्ये त्याची ओळख करून द्यावी आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण करावे. विनयाच्या, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचाराच्या, नियमांनुसार भिक्षू शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करायची असते. अखेरच्या दिवसांत, वैशालीजवळच्या बेलुव गावी आजारातून उठल्यावर बुद्ध आनंदाला म्हणाले की तथागताला (म्हणजे स्वतः बुद्धांना) ‘आचार्यमुष्टी’ नाही, म्हणजे काहीतरी मुठीत झाकून ठेवणारा हा गुरू नव्हे.

विद्या मुठीत ठेवायची नाही, तर मग विकायची का? हा प्रश्न बहुतेक परंपरांना पडला आणि त्यांची उत्तरे एकमेकांच्या आश्चर्य वाटावे इतकी जवळ आहेत. मनुस्मृतीने अध्यापनाला ब्रह्मयज्ञ म्हटले. शिक्षण पुरे होण्याआधी गुरूला काही देऊ नये असे सांगितले, आणि पगार घेऊन शिकवणारा व पगार देऊन शिकणारा अशा दोघांनाही श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले. तरी त्याच ग्रंथात उपाध्यायाची व्याख्या ‘उपजीविकेसाठी वेदाचा एखादा भाग शिकवणारा’ अशी आहे, म्हणजे तसे शिक्षक समाजात होतेच. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त, ज्याचे ज्ञान केवळ पोटासाठी असते त्याला ज्ञानाचा वाणी म्हटले आहे. चीनमध्ये कन्फ्यूशियसने सुकवलेल्या मांसाची एक जुडी घेऊन येणाऱ्यालाही आपण कधी शिकवायचे नाकारले नाही असे सांगितले. तिथे ही भेट शिष्यत्वाची खूण होती.

ज्यू धर्मशास्त्राने या पेचातून काढलेली वाट फार व्यवहारी आहे. देवाने मोशेला फुकट शिकवले, म्हणून तोरा, म्हणजे ज्यूंचे धर्मशास्त्र, फुकटच शिकवावी, असा तालमूद या त्यांच्या चर्चाग्रंथाचा नियम. पण शिकवणाऱ्याचे घर कसे चालणार? त्यावर तोडगा असा की शिक्षकाला विद्येची किंमत द्यायची नाही. शिकवण्यापायी त्याचा जो दुसरा रोजगार बुडाला त्याची भरपाई द्यायची. तालमूदमध्येच यहोशुआ बेन गमला या प्रमुख याजकाची नोंद आहे. त्याने गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांची मुले त्यांच्याकडे पाठवण्याची व्यवस्था लावली. एका शिक्षकामागे २५ मुले, ४० झाली तर मदतनीस, ५० झाली तर दोन शिक्षक, हे प्रमाणही ठरवून दिले आहे. मंदिर बांधायचे असले तरी मुलांचा पाठ थांबवू नये, असे तिथले एक वचन आहे.

इस्लाममध्ये पहिला मानला जाणारा संदेशच ‘वाच’ या आज्ञेने सुरू होतो आणि ईश्वराचे वर्णन ‘लेखणीद्वारे शिकवणारा’ असे करतो. ‘कुराण शिकणारा आणि शिकवणारा तुमच्यांत उत्तम’ हे पैगंबरांचे वचन बुखारींच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आहे. कुराण शिकवण्याचा मोबदला घेणे इमाम अबू हनीफा यांनी अमान्य केले. त्यांच्याच पंथातील पुढच्या हनफी शास्त्र्यांनी, नाहीतर शिकवणारेच उरणार नाहीत या काळजीने, त्याला परवानगी दिली. विद्या ज्या साखळीतून आली तिचा दाखला देणारी ‘इजाजा’ ही या परंपरेची खास देणगी. आपण कुणाकडून शिकलो, ते कुणाकडून, अशी नावे मागे मूळ ग्रंथकर्त्यापर्यंत सांगता आली पाहिजेत.

या संदर्भात इस्लामी धर्मपंडित इमाम गझाली यांची हकिकत मोलाची आहे. बगदादच्या निजामिया मदरशात ते सर्वांत प्रतिष्ठेच्या पदावर होते. आपण कशासाठी शिकवतो याचा त्यांनी मनाशी शोध घेतला, तेव्हा हेतू ईश्वर नसून नावलौकिक आहे असे त्यांच्या ध्यानात आले. आत्मकथनात ते लिहितात की समोर विद्यार्थी बसले असताना जीभच उचलेना; एक शब्द फुटेना. १०९५ मध्ये त्यांनी पद सोडले आणि सुमारे अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, निशापुरात ते पुन्हा शिकवू लागले. शिक्षकाने विद्यार्थ्याला त्याच्या आवाक्याप्रमाणे शिकवावे, चूक शक्यतो आडून सुचवावी, दुसऱ्या शिक्षकाच्या विषयाला हलके लेखू नये, असे नियम त्यांनी घालून दिले. आजच्या कोणत्याही शिक्षकखोलीत ते वाचून दाखवावेत असे आहेत.

ख्रिस्ती परंपरेत येशूला शिष्य ‘रब्बी’ म्हणूनच हाक मारीत. बायबलमधील याकोबाच्या पत्रात मात्र, तुमच्यांतील पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आमचा न्याय अधिक कडक होईल, असा इशारा आहे. अध्यापन हेच संपूर्ण संन्यस्त जीवन ही कल्पना ज्याने प्रत्यक्षात आणली तो झाँ-बाप्तिस्त द ला साल (१६५१–१७१९) फ्रान्समधल्या ऱ्हांस शहरातल्या श्रीमंत घरात जन्मला आणि तिथल्या कॅथीड्रलात मानाच्या पदावर होता. गरीब मुलांच्या शाळांत शिकवणारी माणसे त्या काळी अर्धशिक्षित, फाटकी आणि उपेक्षित असत. आपल्या खाजगी नोकरापेक्षाही आपण त्यांना खालचे समजत होतो, हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले. आधी त्याने त्यांना आपल्या पानाला बसवले, मग घरात राहायला आणले. त्यावरून नातेवाईक बिथरले. देवावर भरवसा ठेवा असे तो या शिक्षकांना सांगे, तेव्हा ते म्हणाले, तुमच्या हाती पद आणि पैसा आहे, तुम्हाला बोलणे सोपे. हे बोल त्याच्या वर्मी लागले. १६८३ मध्ये त्याने पद सोडले आणि त्यानंतरच्या दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांना भाकर वाटण्यात संपवली. त्याने उभारलेल्या शिक्षकसंघातील ‘ब्रदर’ (व्रतस्थ शिक्षक) धर्मगुरू होत नाहीत, कारण वेदीची कामे मागे लागली तर वर्ग सुटेल. त्याच्या शाळांत फी नव्हती आणि मुले लॅटिनआधी फ्रेंच वाचायला शिकत, म्हणजे स्वतःच्या बोलीत. १९५० मध्ये कॅथलिक चर्चने त्याला शिक्षकांचा संरक्षक संत जाहीर केले.

मुलाचा पहिला धडा हा बहुतेक ठिकाणी संस्कारच असतो. मध्ययुगीन जर्मनीतील ज्यूंमध्ये मुलाला चादरीत गुंडाळून गुरुजींकडे नेत, त्यांच्या मांडीवर बसवीत आणि अक्षरांच्या पाटीवर मध लावून तो चाटायला देत. भारतीय उपखंडातील मुसलमानांत चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या मुलाची बिस्मिल्ला करण्याची चाल आहे. आपल्याकडचा ‘ओनामा’ हा शब्द धुळाक्षरे गिरवताना म्हटल्या जाणाऱ्या ‘ॐ नमः सिद्धम्’चा घासलेला अवशेष. केरळातील नंबुद्री ब्राह्मणांच्या वेदपाठशाळांत गुरू शिष्याचे डोके हातात धरून वेदपाठाच्या स्वरांप्रमाणे वरखाली करतात. स्वर कानांआधी मानेला कळतो.

एवढ्या पवित्र मानलेल्या कामाची दारे मात्र सर्वांना उघडी नव्हती. छांदोग्य उपनिषदात गोत्र ठाऊक नसलेल्या सत्यकाम जाबालाला, तो खरे बोलला म्हणून गौतमांनी शिष्य केले. महाभारतात एकलव्याला निषाद म्हणून द्रोणांनी नाकारले आणि वर अंगठा मागितला. दोन्ही कथा एकाच परंपरेच्या आहेत आणि दोन्ही एकत्रच वाचायला हव्यात. कन्फ्यूशियसने ‘शिकवण्यात वर्गभेद नाही’ असे म्हटले खरे, पण त्याच्या शिष्यांत स्त्रिया नव्हत्या. अकराव्या शतकात मक्केत करीमा अल-मर्वजिया ही विदुषी बुखारींचा हदीससंग्रह शिकवीत असे आणि दूरदूरचे विद्वान तिच्याकडून इजाजा घेत. सतराव्या शतकात ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंनी, नवऱ्याचा विरोध सोसून, देहूच्या तुकाराम महाराजांना गुरू मानले.

वारकऱ्यांनी मोबदल्याचा प्रश्न कीर्तनापुरता कडक शब्दांत निकालात काढला. जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, बैलाला वैरणसुद्धा मागू नये, असे तुकोबांचा अभंग सांगतो. पैसे घेणाऱ्याबरोबर देणाराही नरकाला जातो असे त्याचे शेवटचे चरण आहे. या वळणाचेच विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. चार वर्षांचा अभ्यास, फी नाही. ज्ञानेश्वरी, गाथा, भागवत पाठ करायचे, टाळ-मृदंग शिकायचा आणि झोळी घेऊन आळंदीच्या घरोघर माधुकरी मागायची. असे शिकून बाहेर पडलेले कितीतरी जण आज आपापल्या गावी संध्याकाळी देवळात पोरांना हरिपाठ सांगतात.