पावसाळ्यात पानं गाळणारा ‘गाओ’

शेतात झाड ठेवलं की त्याखालचं पीक मारतं, हे आपल्याकडचा कुठलाही शेतकरी सांगेल. बहुतेक झाडांबाबत ते खरंही आहे. पण पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात, मराडी आणि झिंदर भागातले हौसा समाजाचे शेतकरी बाजरीच्या शेतात ‘गाओ’ नावाचं झाड मुद्दाम राखतात. त्याच्या बुंध्याभोवतीची बाजरी बहुधा बाकी शेतापेक्षा जोमदार असते.

गाओ म्हणजे फैदर्बिया अल्बिडा, आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड. याचा ऋतुक्रमच उलटा! जूनच्या सुमारास पाऊस पडून सगळं रान हिरवं होऊ लागतं तेव्हा हे पानं गाळतं आणि कोरड्या महिन्यांत पालवतं. बाजरी सी-४ गटातली, म्हणजे भरपूर उन्हात जोमानं वाढणाऱ्या पिकांतली, तिला सावली सोसत नाही. नेमकी तिच्या हंगामात वरची फांदी उघडी असते. पानंच नसल्यानं झाड वरच्या मातीतली ओलही फारशी ओढत नाही. उन्हाळ्यात त्याला पाणी मिळतं ते खोल गेलेल्या सोटमुळातून.

हे झाड शेंगावर्गीय. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. हे काम करणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजननं निकामी होतं, पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. हा पेच गाठींमधलं लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन सोडवतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे नातलग ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि बेताबेतानं पोचवतं. म्हणून काम करणारी गाठ कापली की आतून गुलाबी दिसते. पकडलेला नायट्रोजन पानांत जातो, आणि पानं पेरणीच्या तोंडावर मातीत पडतात.

तरीही गाओला ‘जादूचं झाड’ म्हणू नये. उन्हाळ्यात त्याच्या सावलीत बसणाऱ्या गुरांचं शेणही तिथली माती सुधारतं, आणि हा परिणाम दिसायला झाड बरंच जुनं व्हावं लागतं.

लाखो रोपं लावल्याच्या घोषणांनाही असंच भुलू नये. टोनी रिनाडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८०च्या दशकात मराडीत रोपं लावत होते, ती बहुतेक मरत. मग त्यांच्या लक्षात आलं की शेतातली खुरटी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधे आहेत. चार-दोन जोमदार फुटवे राखायचे, बाकी छाटायचे, एवढंच करायचं होतं. पूर्वी झाडावर मालकी सरकारची, त्यामुळे शेतकरी ते कशाला राखेल? ती पकड ढिली झाल्यावर नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर शेतांत झाडं परतली, गाओ आणि इतरही.

आता शेंगा गुरांना, छाटलेल्या फांद्या चुलीला, उरेल ते बाजारात. बाजरी बुडालेल्या वर्षी घरात धान्य येतं ते त्याच पैशांतून.